कात्रजचा घाट आणि कापलेली स्प्रिंग

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला व्हॉट्सॲपवर चार गटांतून आला. पाचव्यांदा भाच्याकडून आला, खाली "मावशी, करून टाकू का?" अशी ओळ जोडून. मजकुराचं सार असं: कंपन्या गाड्या मुद्दाम मऊ बनवतात. चारही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापा, गाडी दोन इंच खाली बसेल, वळणावर कलणं बंद होईल, आणि हजार-दीड हजारात घाटात रेसच्या गाडीसारखी चालेल. पिंपरीच्या कारखान्यात बावीस वर्षं सुट्या भागांची ड्रॉइंगं तपासून मी निवृत्त झाले, त्यामुळे गप्प बसवेना; असले दावे एकेक करून तपासते. मशाली एकीकडे, स्वारी दुसरीकडे. कात्रजचा घाट दाखवतात तो हाच.

"गाडी खाली, की पकड वर." यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करते. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, आणि तो गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात जातो. समजा ही उंची ५५ सेंटिमीटर आहे. ती ५ सेंटिमीटरनं उतरवली, तर भाराची ही ढकलाढकल नऊ टक्क्यांनी कमी होते. पण आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि तिचं डुलणं आवरणारा शॉकअप एकाच खांबात. गाडी खाली बसली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) बाहेरचं टोक वर जातं आणि ज्या बिंदूभोवती गाडी कलते, तो गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली सरकतो. म्हणजे कलायला लागणारी तरफ उलट लांबते. कापल्यानं ताठ झालेली स्प्रिंग एका हातानं देते, आणि हा तिरका आर्म दुसऱ्या हातानं काढून घेतो.

"कापलेली स्प्रिंग म्हणजेच स्पोर्ट्स स्प्रिंग." इथे मात्र मला राग येतो. स्प्रिंगचा ताठपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी दीड वेढा कापला, तर उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशानं ताठ होते. शॉकअप मात्र जुनाच, मूळ स्प्रिंगला आवरण्याइतकाच. मग खड्ड्यातून निघालेली गाडी एकदा सावरून थांबत नाही, दोन-तीनदा डुलते. गॅसनं कापली असेल, तर तिथल्या पोलादाचं पाणीच, म्हणजे त्याला दिलेला कडकपणाच, उतरतं. आणि टोकाचं काय? नवी स्प्रिंग हातात घेऊन बघा: शेवटचा वेढा खालच्या वाटीच्या खोबणीत नेमका टेकावा म्हणून बेतलेला असतो. कापलेलं टोक त्या वाटीत सुरीसारखं उभं राहतं. त्यात स्प्रिंग आखूड झालेली. जॅकवर गाडी उचलली आणि चाक लोंबलं, की ती वाटीत चक्क सैल खुळखुळते. हेच चाक भर वेगात उंचवट्यावरून उडालं, तर ती परत जागेवर बसेल याची हमी कुणी द्यायची?

"कडक सस्पेन्शन म्हणून रेसच्या गाड्या चिकटून पळतात." चिकटतात, कारण ट्रॅक गुळगुळीत असतो. कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीच्या गाड्या पाहा. त्यांच्या सस्पेन्शनला खाली-वर व्हायला भरपूर वाव ठेवलेला असतो. आता सांगा, पुण्यातला सिंहगड रस्ता यातल्या कुठल्या जातीचा? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता. आमच्या सोसायटीच्या दारातला रुंदीला हातभर आहे आणि उंचीला कुणी मोजलेला नाही. चाकाला वर जायला समजा ८० मिलिमीटर जागा होती. दोन इंचांनी त्यातले ५० खाल्ले. उरलेले ३० एका चेंबरच्या खोल झाकणात संपतात आणि गाडी बंप स्टॉपच्या, म्हणजे शेवटचा धक्का झेलणाऱ्या, रबरावर आपटते. हे वळणावर घडलं तर आणखी वाईट. त्या क्षणी स्प्रिंग नसल्यातच जमा, चाकावरचा भार एकदम उसळतो आणि टायर सुटतो. पकड म्हणजे चाक रस्त्याला टेकलेलं असणं. बाकी सगळं त्याच्यासाठी.

"कायद्यानं काही होत नाही, सगळेच करतात." मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाला छेद देणारे बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला की विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतोच.

आता भाच्याची गाडी. तक्रार काय, तर जुन्या कात्रज घाटात "पुढून तरंगते". मी त्याला आधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावले. ३४१५. म्हणजे २०१५ चा चौतिसावा आठवडा. रबर लाकडासारखं झालेलं, खांद्याला केसासारख्या भेगा. हवाही दोन पुढच्या चाकांत सारखी नव्हती. खाली वाकून टॉर्च मारला, तर डाव्या लोअर आर्मचा रबरी बुश फाटून लोंबत होता. ज्या गॅरेजनं स्प्रिंगा कापायची तयारी दाखवली होती, त्यांनी तो बघितलाच नव्हता. नाना पेठेतून बुश आणि लिंक रॉड आणले, दोन नवे टायर घातले, अलाइनमेंट केलं. परवा फोन आला: "मावशी, स्टिअरिंग वेगळंच वाटतंय गं!"

एवढं करूनही गाडी खाली हवी असेल, तर माझी हरकत सस्पेन्शन बदलण्याला नाही, करवतीला आहे. त्याच गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप असा पूर्ण संच घ्यावा, एखादाच इंच उतरवावा, आरटीओत आधी विचारावं आणि बसवल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावं. खर्च हजार-दीड हजारात मावणार नाही. मग भाच्या, पहिल्या फेरीला तुझ्या आईला, माझ्या ताईला, मागच्या सीटवर बसव आणि सिंहगड रस्त्यानं घरी आण. तिचं म्हणणं मला कळव.