हळूहळू, पण मोठ्याने

परवा पणजीहून फोंड्याला येताना बसच्या वाहकाने भर गर्दीत मला सभ्यतेचा धडा दिला, आणि तो झोंबायचा अजून थांबलेला नाही.

माझ्या शेजारी गुडघ्यांत भाजीची पिशवी धरून बसलेले साठीचे गृहस्थ मोबाईलवर गाणी पाहत होते. पाहत होते ते एकटेच, ऐकत मात्र सारी बस होती. दक्षिण कोरियाच्या सायचे 'गंगनम स्टाईल' चालू होते. 2012 साली यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला हा पहिला व्हिडिओ. दोन वर्षांनी तर त्याचा आकडा 2,14,74,83,647 या मोजणीच्या कमाल मर्यादेपलीकडे गेला आणि यूट्यूबला ती मोजणीच वाढवून घ्यावी लागली. त्यातली बरीचशी भर रायबंदर ते जुने गोवे या टप्प्यात पडली असावी, अशी माझी त्या दिवशी खात्री पटली.

"काका, आवाज जरा हळू कराल का?"

"तुम्हाला ही भाषा कळते?"

"नाही."

"मग त्रास कसला? मराठी-कोंकणी लावलं तर लोकांचं लक्ष जातं, म्हणून मी मुद्दाम परक्या भाषेतलं लावतो."

या युक्तिवादाचे उत्तर मला बाणस्तारीच्या पुलापर्यंत सापडले नाही. एव्हाना पोर्तो रिकोच्या लुईस फोन्सीचे 2017 मधले 'देस्पासितो' सुरू झाले होते, आणि मला एकदम शस्त्र गवसले.

"काका, या स्पॅनिश गाण्याच्या नावाचा अर्थच मुळी 'हळूहळू' असा आहे."

"हळूहळूच चाललंय की! मी कुठे पळवतोय?"

पुढच्या बाकावरच्या दोन बायका हसल्या. त्या त्यांच्या बाजूच्या होत्या. देवळात शिरताना चपला बाहेर काढाव्यात हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही, पण वीस हजारांचा फोन घेणाऱ्याचा हात दोनशे रुपयांच्या इअरफोनपाशीच का आखडतो, हे मला खरोखर कळत नाही. आणि बोलणाराच खडूस ठरतो, हे तर त्याहून कळत नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. त्यावर मी केसरबाई केरकरांची भैरवी लावली आहे. फोन खिशातून निघेपर्यंत बाईंची एक तान पुरी झाली, आणि अर्ध्या तासात एकदाही न हललेला वाहक गर्दी कापत माझ्यापाशी आला.

"पात्रांव, मोबायलाचो आवाज मातसो उणो करात."

मी! आवाज! शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे अपार सहानुभूतीने पाहिले. "कोण बाई?" त्यांनी विचारले. मी तावातावाने सांगितले की बाई याच फोंडे तालुक्यातल्या केरीच्या. त्यांची हीच भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अवकाशात गेली, आणि ज्या 2012 साली तुमचा साय घोड्यावर बसल्यागत नाचत होता, त्याच वर्षी व्हॉयेजर 1 आंतरतारकीय अवकाशात शिरले.

त्यांनी क्षणभर विचार केला. "तिथे किती जणांनी ऐकलं?"

मी गप्प बसलो. मग त्यांनीच मोठेपणाने ती भैरवी माझ्याकडून शोधून घेतली, दहाएक सेकंद पडद्यावरच्या स्थिर छायाचित्राकडे टक लावून पाहिले आणि म्हणाले, "बाई हलत का नाहीत?"

म्हार्दोळला 'देस्पासितो' पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. वाहक दारात उभा राहून ठेका धरत होता.