शिडी संपते तिथून पुढे

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने मुंबईतल्या वरळीच्या पॅले रोयाल या टॉवरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सुमारे ३२० मीटर! तुमच्या जर्मनीत आहे का एवढं?'

नाही. मी फ्रँकफर्टमध्ये राहतो. जर्मनीतल्या सर्वांत उंच इमारती जवळपास सगळ्या याच शहरात आहेत, आणि त्यांतली पहिल्या नंबरची, १९९७ साली पुरी झालेली कॉमर्झबँक टॉवर, छतापर्यंत २५९ मीटर आहे. डोक्यावरचा अँटेना धरला तर ती ३०० पर्यंत पोचते, पण तो धरणं म्हणजे पोराला फेटा बांधून उंची मोजण्यासारखं झालं. महालक्ष्मीची मिनर्व्हाच ३०१ मीटर आहे. तेव्हा मी मुकाट्याने अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळा झालो. खोटं कशाला बोलू, जरा बरंही वाटलं. ऑफिसात 'तुमच्याकडे वीज असते का' असं विचारणारी माणसं मला भेटलेली आहेत.

पण मुंबईतल्या उंच टॉवरांची यादी मी वाचायला लागलो की इमारतींच्या आधी मला गिरण्या दिसतात. पॅले रोयाल श्रीराम मिलच्या जागेवर आहे, लोअर परळची २८० मीटरची वर्ल्ड वन श्रीनिवास मिलच्या. मावशीचे यजमान गिरणीत लूमवर होते. १९८२ च्या संपानंतर ते परत कामावर गेलेच नाहीत. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीची करायची ठरली. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये तेच कायम केलं. त्या निकालाच्या डोक्यावर हे सगळे मीटर उभे आहेत.

इथे जर्मनांचं कौतुक सुरू होणार असं वाटत असेल तर थांबा. फ्रँकफर्टच्या वेस्टएंड भागात साठ-सत्तरच्या दशकांत ऑफिसांचे टॉवर उभे करायला जुन्या घरांतल्या भाडेकरूंना हुसकावलं गेलं. १९७० पासून पोरांनी रिकामी घरं ताब्यात घेतली, पोलिसांशी रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या. म्युनिकमध्ये २००४ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की शहरात शंभर मीटरच्या वर काही नको, कारण फ्राउएनकिर्श चर्चचे मनोरे साधारण तेवढेच आहेत. पन्नास टक्क्यांच्या जरासं वर, अगदी काठावर जिंकले. कोलोनला नदीपलीकडे टॉवर बांधायचं ठरलं तेव्हा युनेस्कोने तिथलं कॅथेड्रल धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. टॉवरचे बेत आवरते घेतले तेव्हा कुठे २००६ मध्ये नाव निघालं. शहराचं रूप राखायची ही हौस मला आवडते. फक्त म्युनिकमध्ये भाड्याचं घर शोधणाऱ्या मित्राला ती आवडत नाही. मी फ्रँकफर्टमधलं माझं घर पाहायला गेलो त्या दिवशी जिन्यात माझ्या पुढे तीसेक माणसं होती, प्रत्येकाच्या हातात पगाराच्या स्लिपांची फाईल. आणि टॉवरांच्या या शहरात मी राहतो चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या शंभर वर्षं जुन्या इमारतीत.

कामाला मात्र एकतिसाव्या मजल्यावर जातो. तिथे शिकलेली एक गोष्ट मला टॉवर बरा की चाळ या घरच्या वादात कुठेच ऐकू येत नाही. जर्मनीत 'उंच इमारत' कशाला म्हणायचं याची कायदेशीर रेघ आहे: सर्वांत वरच्या वापरातल्या खोलीची जमीन २२ मीटरच्या वर गेली की ती उंच इमारत. कुठल्या आर्किटेक्टच्या डोक्यातून हा आकडा आलेला नाही, तो आला बंबवाल्यांकडून. त्यांच्या नेहमीच्या गाडीची शिडी साधारण २३ मीटरपर्यंत पोचते. त्याच्या वर तुम्हाला बाहेरून कोणी उतरवणार नाही, म्हणजे उतरायची सोय इमारतीच्या पोटातच हवी. म्हणून मग धूर न शिरणारे जिने, बंबवाल्यांसाठी वेगळी लिफ्ट, सगळं तिथून सुरू होतं. जगासाठी उंची म्हणजे टोक किती वर गेलं. इथला कायदा ती शिडी संपते तिथून मोजायला लागतो.

वर्षातून एकदा आमच्या ऑफिसात भोंगा वाजतो. पिवळं जाकीट घातलेली अकाउंट्समधली बाई सगळ्यांना हाकलते आणि आम्ही एकतीस मजले पायी उतरतो. पहिल्या वर्षी मी लॅपटॉपची बॅग घेऊन निघालो तर तिने ती हातातून काढून टेबलावर ठेवली. दोन दिवस पोटऱ्या दुखत होत्या. पण जिना किती रुंद आहे, कुठे वळतो, दार कुठल्या बाजूला उघडतं, हे आता पायांना पाठ आहे.

मुंबईच्या अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे, इथल्या नेहमीच्या गाडीच्या जवळपास चौपट. ती लालबागच्या गल्लीत दुतर्फा लावलेल्या गाड्यांमधून शिरेल कशी, हा प्रश्न वेगळा. आणि तीनशे मीटरच्या टॉवरला ९० तरी कुठे पुरायचे!

मावशी आता पुनर्विकासात मिळालेल्या घरात राहते, एकोणिसाव्या मजल्यावर. घर चारशे चौरस फुटांचं, स्वतःच्या नावावर. मी एकदा चाळीच्या आठवणीने हळवा झालो तेव्हा ती म्हणाली, 'तुला गॅलरी आठवते रे बाबा, मला सकाळची संडासची रांग आठवते.' मी गप्प बसलो. वेस्टएंडमधून हुसकावलेल्या जर्मन भाडेकरूला त्याच जागी फुकट मालकीचं घर मिळालेलं मी ऐकलेलं नाही. मावशीला मिळालं. टॉवरांच्या नावाने नाकं मुरडणाऱ्या आमच्या पिढीने हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण गेल्या पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही लिफ्ट चार दिवस बंद होत्या. पाणी मोटरीत गेलं. दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर सोसायटी आणि बिल्डर भांडत होते. मावशीचे गुडघे गेलेले. चार दिवस ती खाली उतरली नाही. दूध शेजारचा मुलगा आणायचा, एका वेळी दोन-तीन घरांचं. माझ्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये पुढची तपासणी कुठल्या महिन्यात आहे ते सांगणारा गोल स्टिकर असतो, म्हणून काही ती कधी बंद पडत नाही असं नाही. फरक एवढाच, की बंद पडली तर कोणी कोणाला फोन करायचा याबद्दल तिथे भांडण नसतं. घरच्या वादात एक बाजू मीटर मोजते, दुसरी चाळीसाठी उसासे टाकते. मोटरीच्या बिलावर दोघांपैकी कोणीच बोलत नाही, आणि माणूस एकोणिसाव्या मजल्यावर राहणार की अडकणार, हे त्या बिलावर ठरतं.

परवा व्हिडिओ कॉलवर मी तिला विचारलं, 'मावशी, तुझा जिना कधी बघितलास का?'

'कशाला? लिफ्ट चालू झाली की आता.'

'बघ तरी एकदा. माझ्यासाठी.'

ती फोन हातात धरून निघाली. आधी कॉरिडॉर दिसला, मग चपलांचे स्टँड, मग विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं एक जड दार. वारा यावा म्हणून, ती म्हणाली. आत लाईट नव्हता. तिने टॉर्च लावला. जिन्याच्या वळणावर गणपतीचं थर्माकोलचं मखर होतं, दोन रिकामे ड्रम आणि भिंतीला टेकवलेली एक लाल सायकल.

'सायकल कोणाची गं?'

'आपलीच,' मावशी म्हणाली. 'तुझ्या भावाच्या पोराची.'