सुरुवात नाणेघाटापासून करावी

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्डा पडलाय, त्यात परवा शेजारच्या आजी पडल्या, आणि आता तुम्हाला त्यावर पेपरात लेख लिहायचाय. छान. फक्त एक करा, थेट खड्ड्याकडे जाऊ नका. आजी थेट गेल्या, काय झालं बघितलंत ना?

वैचारिक लेखात विषय गाठायला निदान दोन परिच्छेद लागले पाहिजेत. त्याआधी गाठला तर तो वैचारिक वाटत नाही, तक्रारअर्ज वाटतो. म्हणून सुरुवात नाणेघाटापासून करावी. कोकणातून जुन्नरकडे चढणारी ती वाट सातवाहनांच्या काळात, दोन हजार वर्षांपूर्वी वाहती होती. जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून तिथे उभा आहे. लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आहे, त्यावर चार ओळी सहज निघतात. वाचक अजून घाटातच दम खातोय आणि तुमचे दीडशे शब्द झालेसुद्धा.

नाणेघाट आधीच कुणी वापरला असेल तर ‘माणूस हा समाजशील प्राणी आहे’ हे आहेच. हुंडा, पाणीटंचाई, पार्किंग, कशालाही चालतं. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ हे त्याचं धाकटं भावंड. धकाधक नेमकी कुणाची, असं आजवर एकाही वाचकाने विचारलेलं नाही. तुकोबांना आणायचं असेल तर अवश्य आणा. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत, शेवटच्या ओळीत ‘तुका म्हणे’ असलं की तपासायला कोण जातंय?

एक धोका मात्र सांगून ठेवतो. काही लोक सुरुवातीलाच म्हणणं सांगून मोकळे होतात. १८९७ साली रँडच्या खुनानंतर पुण्यावर जादा पोलीस बसले, धरपकड सुरू झाली, तेव्हा टिळकांनी केसरीत मथळा दिला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ सातवाहन नाहीत, समाजशील प्राणी नाही, मथळ्यातच सगळं. त्याच वर्षी त्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. (ती दुसऱ्या मजकुराबद्दल होती, ठाऊक आहे. पण स्पष्ट लिहायची खोड एका लेखापुरती राहत नाही.) तुमच्यावर राजद्रोह लागणार नाही हे खरं, पण नगरसेवक लग्नाच्या पंगतीत समोर येऊन बसतो, त्याचं काय करणार?

मधल्या भागाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे खड्डा येतो. एक परिच्छेद पुरे.

खरी कसोटी शेवटाला. ‘मोबाईल : शाप की वरदान?’ हा निबंध शाळेत घोटून आलेल्या माणसाला उत्तर सांगायला नकोच. उत्तर ‘दोन्ही’. तेच सूत्र इथे लावा आणि खड्ड्याची दुसरी बाजू शोधा. गाड्यांचा वेग कमी होतो, पोरं सुखरूप रस्ता ओलांडतात, असं काहीतरी सापडतंच. मग जबाबदारी वाटायला घ्या. प्रशासन, नागरिक, पालक, शिक्षक, तरुण पिढी, सगळ्यांना द्या. म्हणजे ती एकेकाच्या तळहातावर प्रसादाएवढी येते आणि कुणाचंच पोट दुखत नाही. ठेकेदाराने बिल कशाचं लावलं, अभियंत्याने सही कशावर केली, असले प्रश्न विचारून समारोपाची शोभा घालवू नका. ‘सर्वांनीच आत्मचिंतन करण्याची गरज आहे’ असं लिहा. गरज आहे, विचार व्हायला हवा, पावले उचलली गेली पाहिजेत. ही आपली मायमराठीची कृपा, वाक्य पुरं होतं आणि कर्ता घरी बसलेला असतो. विचार कोण करणार? तो होईल आपोआप, दही लागतं तसा.

अगदी शेवटी प्रश्नचिन्ह हवं. ‘आपण नेमके कुठे चाललो आहोत?’ हा उत्तम. आजींना मात्र विचारू नका, त्या सांगतील, दूध आणायला.

हे सगळं मी अनुभवाने सांगतोय. गेल्या पावसाळ्यात मी असाच एक लेख एका पेपरला दिला होता. नाणेघाट होता, आत्मचिंतन होतं, प्रश्नचिन्ह होतं. संध्याकाळी पानावर साड्यांच्या सेलची जाहिरात आली. जागा कमी पडली की पान लावणारा खालून कापतो, त्याप्रमाणे त्याने माझा समारोप उडवला. तरी मजकूर मावेना, म्हणून पठ्ठ्याने वरून सातवाहनही काढले. सकाळी बघतो तर लेख खड्ड्यात सुरू होतोय आणि ‘आजींची एक चप्पल मिळाली, दुसरी अजून त्या पाण्यात आहे’ इथे संपतोय. दोन्ही टोकांना उघडा, लाज वाटावी असा.

मी तावातावाने फोन उचलला, तर तेवढ्यात काकांचाच आला. गेली वीस वर्षं माझा एकही लेख त्यांनी पुरता वाचलेला नाही, हे त्यांनीच मला सांगितलेलं आहे.

“शेवट छान केलास रे,” म्हणाले. “चप्पल मिळाली का मग?”

त्यांना काय समजावणार? कापलेला मजकूर मी जपून ठेवलाय. पुढच्या महिन्यात कचऱ्यावर लिहायचंय, नाणेघाट त्यालाही चालेल.