साइड इफेक्ट शून्य म्हणे!

सकाळीच घरच्या ग्रुपवर मेसेज: ‘हृदय बळकट करणारा काढा. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. चालू गोळ्यांबरोबर बिनधास्त घ्या.’ खाली अकरा जणांनी हात जोडलेले. डोकंच फिरलं.

बिनधास्त? माझ्या बाबांना हार्ट फेल्युअर आहे, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करत नाही. गेल्या वर्षी फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीची गोळी, आणि डिगॉक्सिन, म्हणजे हृदयाची गोळी, चालू होतं. खोकला हटेना, म्हणून कुणीतरी ज्येष्ठमधाचा काढा सांगितला. दिवसातून तीनदा, महिनाभर. आम्हाला पत्ताच नाही, बाटली बीपीच्या मशीनमागे! एकदा त्यांचे मोजे काढताना नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा पडला तो भरेचना. वजन आठवड्यात तीन किलो वाढलेलं.

ज्येष्ठमध जास्त झालं की अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घालवतं. पोटॅशियम ती लघवीची गोळीही घालवतेच. ते उतरलं की रोजचंच डिगॉक्सिन अंगावर उलटतं. बाबांना मळमळायचं, जेवण नको वाटायचं, आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं! तपासणीत पोटॅशियम खाली, नाडीचे ठोके चुकलेले. बरं, तो खोकला घशाचा नव्हताच, फुफ्फुसात साठलेल्या पाण्याचा होता.

आता कुणीतरी येईल सांगायला, की डिगॉक्सिनही वनस्पतीतूनच येतं. येतं ना. डिजिटॅलिसमधून. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये त्या झाडावर पुस्तक लिहिलं, पण ‘किती द्यायचं’ यावरच त्याने डोकं खपवलं होतं. तुमच्या मेसेजमध्ये मात्रा कुठेय? झाडपाल्यात ताकद असते म्हणूनच तर भीती. सेंट जॉन्स वर्ट घ्या, रक्तातलं डिगॉक्सिन उतरतं. म्हणजे एक वनस्पती गोळीला विषारी करते, दुसरी निकामी. हे पेशंटने घरी बसून कसं ओळखायचं?

डॉक्टरही ‘आणखी काय घेता?’ असं विचारत नाहीत, हे मान्य.

बाबांना नंतर विचारलं, लपवलीत का बाटली? म्हणाले, “तू ओरडली असतीस.” ओरडलेच असते. माणसाला रात्री आडवं झालं की दम लागतो, तीन उशा रचून बसल्या बसल्या झोपतो तो. कुणी बरं वाटेल म्हणालं की घेणारच ना. त्यांचा राग येतच नाही मला. राग त्या ‘बिनधास्त’चा आहे.

पोस्ट टाकण्याआधी तो मेसेज पुन्हा उघडला. अकरा जणांत बाबाही आहेत. थांबा, आत जाऊन बघून येते.