सौर विजेत डिझेल मिसळण्याची सोपी रीत

रामबागेत किंवा लोकमान्यनगरात आपले स्वतःचे घर असेल, गच्चीवर ७८,००० रुपयांचे सरकारी अनुदान घेऊन बसवलेले तीन किलोवॅटचे पॅनेल असेल आणि मागच्या अंगणात वडिलोपार्जित जनरेटर असेल, तर वीज गेल्याबरोबर सौर इन्व्हर्टरही बंद पडतो याचा आपल्याला संताप येणे रास्तच आहे. बाहेरची वीज नसताना त्याने तारांत वीज सोडू नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली असते, असले खुलासे आपण ऐकून घेऊ नयेत.

उपाय सोपा आहे. जनरेटर सुरू करून २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ समोर धरले, की हा भोळा इन्व्हर्टर पुष्कळदा त्यालाच वीज कंपनी समजून कामाला लागतो. भर दुपारी घरात दोन पंखे आणि एक फ्रिज एवढेच चालू असले, तर उरलेली सौर वीज कुठे जाईल, याची काळजी करू नये. ती जनरेटरमध्ये शिरेल, त्यातला वीज बनवणारा अल्टरनेटर मोटर होऊन इंजिनालाच फिरवू लागेल, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी चढत जातील आणि इन्व्हर्टर घाबरून सुटेपर्यंत टीव्हीचा निकाल लागलेला असेल. काही मिनिटांनी तो पुन्हा जोडला जाईल. म्हणजे हा सोहळा दुपारभर पाहता येतो.

वीज कंपनी आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकालाच घराशी जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचच्या वीज कंपनीकडील बाजूला सौर जोडणी ठेवावी, म्हणजे जनरेटरचा आणि तिचा संबंधच येत नाही, असे सुचवणारा वायरमन अरसिक समजावा. दोन्ही एकत्र चालवायचेच असतील, तर जनरेटरवर साधारण ३० टक्के भार राहील इतपत सौर उत्पादन आवरणारा कंट्रोलर आणि जनरेटरमध्ये वीज उलटी शिरताच त्याला तोडणारा रिव्हर्स पॉवर रिले लावा, असे म्हणणारा तर नक्कीच कमिशन खात असणार.

खरी काटकसर चेंजओव्हरच गाळण्यात आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज सरळ सॉकेटमधून घरात घ्यावी. मेन स्विच चालू राहिला, तर हीच वीज गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून ११,००० व्होल्टपर्यंत पोहोचू शकते. खांबावर चढलेल्या लाइनमनला आगाऊ कळवण्याची गरज नाही. त्याला ते आपोआप कळेल. पुढे विद्युत निरीक्षक चौकशीला येतील, तेव्हा ती वायर मात्र आठवणीने काढून ठेवावी.