बोटीवर पंगत बसवायचीय? मग एवढं कराच

तर तुमचं ठरलं म्हणायचं. अण्णांची पंच्याहत्तरी यंदा मंगल कार्यालयात नाही, क्रूझच्या बोटीवर. पुण्यातल्या धाकट्यानं पैसे भरले, थोरल्यानं "एवढा खर्च कशाला करायलाव" म्हणत म्हणत सगळ्यात आधी आधार कार्डाचा फोटो पाठवला, आणि परभणीची सतरा माणसं समुद्रावर जाऊन जेवणार हे आता अख्ख्या गल्लीला माहीत झालंय. अभिनंदन. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना मिळून एक फूट किनारा नाही, त्यामुळं आपण बोटीवर जाणं म्हणजे खायचं काम नाही. बाकी सगळं झालं, फक्त जेवायला कोण कुठं बसणार एवढी किरकोळ गोष्ट राहिली.

ती किरकोळच समजा, हा पहिला सल्ला. बाल्कनीवाली केबिन कुणाला आणि आतली बिनखिडकीची कुणाला यावर ग्रुपवर खुशाल महिनाभर भांडा, पण बुकिंग करताना डायनिंगची वेळ कोणती, टेबल केवढं असं विचारलेलं असतं तिथं न वाचता ओके दाबा. आणि केबिन वेगवेगळ्या मोबाईलवरून वेगवेगळ्या दिवशी बुक करा. बुकिंग नंबर एकमेकांना जोडून दिले की कंपनीवाल्यांना कळतं ही एका घरची माणसं आहेत, मग ते शेजारशेजारची टेबलं देतात आणि सगळी मजाच जाते. न जोडता गेलात तर थोरली जाऊ एका वेळेला, धाकटी दुसऱ्या वेळेला असंही पडू शकतं, आणि त्याचा अर्थ काय काढायचा ते बोटीवर न आलेले पाहुणेसुद्धा घरबसल्या ठरवतील.

वेळेचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या बोटींवर मेन डायनिंग हॉलमध्ये रात्रीचं जेवण दोन पाळ्यांत असतं, पहिली साधारण सहाच्या आसपास, दुसरी आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, नंबर ठरलेला, वेटरसुद्धा रोज तोच. वाटेल तेव्हा या असाही एक प्रकार असतो, पण मोठ्या गोतावळ्याला त्यात टेबल मोकळं व्हायची वाट बघत थांबावं लागतं. कार्यालयात जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं उभं राहून त्याचा मठ्ठा कधी संपतो ते बघायची ज्यांना सवय आहे त्यांना हे जड जाणार नाही, फक्त बोटीवर खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं राहू देत नाहीत एवढंच.

आता ही दोन पाळ्यांची पद्धत कुणीही काढलेली असो, काढली आपल्याचसाठी यात मला तरी शंका नाही. पहिली पंगत पुरुषांची, दुसरी बायकांची. सहाला अण्णा, काका, मामा, दाजी आणि पोरं बसून घेतील, बायका साडेआठला निवांत. अडचण एकच आहे, बोटीवर काही उरत नाही. म्हणजे दुसऱ्या पाळीलाही तोच अख्खा मेन्यू येतो, सूपपासून गोडापर्यंत, गरम, आणि तोही कुणीतरी हातात आणून देतं. लग्न झाल्यापासून तळाची भाजी आणि मोडक्या पोळ्या खाणाऱ्या बाईला चार दिवस असं जेवू घातलं तर पाचव्या दिवशी परभणीत काय होईल याचा विचार करा. त्यापेक्षा सगळ्यांना एकाच पाळीत घ्या आणि सूनबाईंना दोन पोरांच्या मधे बसवा, समोर सासूबाई. एकाचा पास्ता कापून दे, दुसऱ्याचं सांडलेलं पूस, सासूबाईंना मेन्यू वाचून त्यात कांदा-लसूण कशात नाही ते सांग, एवढ्यात तिचं सूप आपोआप गार होतं. सवय लागायचा प्रश्नच मिटला.

ती वाढायला उठेल, उठणारच. मग तो वेटर दोन्ही हात जोडून म्हणतो मॅडम, प्लीज बसा. यावर आक्कांचं वाक्य तयार असतंय, "बसा की मग, तुम्हाला काय, हितं राजवाडाच हाय." हे म्हणताना आक्का स्वतः काय करायल्यात ते नीट बघा. त्यांनी आपलं ताट रिकामं झाल्याझाल्या त्यात शेजारच्याची वाटी ठेवलेली असते, वाटीत चमचे, त्यावर मामांची प्लेट, आणि मांडीवर टाकलेल्या पांढऱ्याशुभ्र कापडी नॅपकिननं त्या टेबल पुसत असतात, कडेपासून मधे, खरकटं एका हातावर घेत. वेटर ट्रे घेऊन बाजूला उभा, त्याला कळत नाही आपली नोकरी गेली का काय. त्यांना थांबवू नका. पन्नास वर्षं पहिल्या पंगतीचं खरकटं काढलेल्या हातांना सुट्टी द्यायची पद्धत कंपनीच्या पॅकेजमध्ये नाही.

टेबलं बहुतेक दोनपासून आठ-दहा जणांपर्यंतची असतात. म्हणजे सतराचे दोन भाग होणारच. आयकॉन ऑफ द सीज नावाची बोट २०२४ पासून चालू आहे, तिच्यात एका केबिनला दोघं धरले तरी ५,६१० माणसं मावतात आणि ती सगळी जेवतातसुद्धा, पण ती वेगवेगळ्या घरची असतात म्हणून जमतं. आपल्यात ज्या टेबलावर अण्णा ते पहिलं आणि उरलेलं ते दुसरं, मग दोन्हींच्या मधे हातभर अंतर असलं तरी. दुसऱ्या टेबलावर कुणाला टाकलं यावरून पुढची दोन लग्नं आणि एक वाटणीपत्र ठरतं, म्हणून तिथं अशा माणसाला टाका जो म्हणतो "आम्हाला कुठंबी बसवा, आम्ही काय बोलायलो का?" हा माणूस खरंच काही बोलत नाही. तो परत आल्यावर बोलायचा बंद होतो.

गोल टेबल मिळालं तर वाटतं सुटलो, गोलाला कुठलं आलंय डोकं आणि कुठलं शेपूट. तुम्ही आपल्या माणसांना ओळखत नाही. ती गोलातसुद्धा मानाची खुर्ची बरोबर शोधून काढतात. भिंतीकडं पाठ आणि दाराकडं तोंड ती पहिली, तिच्या उजवीकडची थोरल्या जावयाची, आणि येणाजाणाऱ्याचा धक्का लागतो ती धाकट्या जावयाची. धाकटे दाजी "चालतंय चालतंय" म्हणत बसतील आणि दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून केबिनमध्येच झोपतील. तरी त्यांना बारच्या बाजूचीच खुर्ची द्या, पोट लवकर बरं होतंय.

खिडकीवरून मात्र मनसोक्त भांडू द्या कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. मुंबईहून गोव्याकडं निघालं की पश्चिम उजव्या हाताला येते, त्यामुळं सूर्य बुडताना बघायचा असेल तर पहिली पाळी आणि उजवी बाजू पाहिजे. ती थोरल्यानं बळकावली तर गप्प बसा, येताना बोट उलटी फिरते आणि सूर्य डाव्या बाजूला जातो, टेबल तेच राहतं. दुसऱ्या पाळीत खिडकी मिळाली तर तिच्यातून काहीही दिसत नाही, बाहेर मिट्ट काळोख, काचेत आपलाच चेहरा आणि आपलंच ताट, तरीपण आत्या तीच मागणार. त्यांना कन्नडच्या घाटात गाडी लागते, एसटीत त्या कायम खिडकीत बसतात, पदराला लिंबू बांधलेलं असतंय. बोटीवर मधे आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी हलतं, त्यांना हॉलच्या मध्यावर दाराजवळ बसवणं शहाणपणाचं, म्हणून ते करू नका. खिडकीतच बसवा. ती खिडकी उघडत नाही हे कळेपर्यंत सूप आलेलं असतं.

काका माळकरी. त्यांच्या शेजारी कोण बसणार हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, कारण सतरातले सहा जण उघड खाणारे, चार चोरून खाणारे, आणि चोरून खाणाऱ्यांतला एक काकांचाच मुलगा. उघड खाणाऱ्यांना काकांच्या समोर बसवलं तरी काका फक्त डोळे मिटून विठ्ठल विठ्ठल म्हणतात, पण मुलाला शेजारी बसवलं तर त्याला चार रात्री पनीर खावं लागतं, आणि तो त्याचा राग अंगावर काढेल, म्हणजे तुमच्या. जैन आणि बिनकांदा-लसणाचं जेवण बऱ्याच बोटींवर मिळतं, फक्त निघायच्या बरंच आधी सांगून ठेवावं लागतं. तुम्ही ते टेबलावर बसल्यावर सांगा, वेटरला, मोठ्यानं, हिंदीत. आणि घरून ठेचा, धपाटे, येसर काय घ्यायचं ते घ्या, घरचं शिजवलेलं बरेच जण आत नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकिटं तेवढी चालतात. डबा सिक्युरिटीच्या टेबलावर उघडला की ठेच्याचा वास सगळ्या रांगेला जातो, तेवढीच परभणीची जाहिरात.

लातूरच्या मामांना पाण्याच्या भांड्यापासून लांब ठेवावं असं वाटेल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. ते ज्यानं बघितलंय त्याच्यासमोर वेटर दर दोन घोटांनी सगळ्यांचे ग्लास काठोकाठ भरत फिरतो, न विचारता. बोट समुद्राचंच पाणी गोडं करून वापरते, कमी पडणार नाही, असं मामांना सांगितलं तर त्यांचं एकच म्हणणं, "मग लातूरला का नाय केलं?" यावर टेबलावर राजकारण सुरू होतं आणि थोरल्या दाजींचा पक्ष वेगळा आहे. तरी मामांना त्या भांड्याच्या जवळच बसवा, चार दिवसांत वेटरला ग्लास अर्धा भरायची शिस्त लागेल.

आता समजा टेबल चुकलंच, तर बोटीत चढल्याचढल्या दुपारीच डायनिंग हॉलच्या मुख्य माणसाला भेटून बदलून घेता येतं, मोकळं टेबल असेल तर तो पहिल्या संध्याकाळच्या आत करून देतो. ही माहिती कुणालाही देऊ नका. दिलीत तर थोरला एकटा जाऊन भेटेल, मग धाकटा जाऊन भेटेल, मग दाजी, आणि संध्याकाळपर्यंत सतरा माणसं पाच टेबलांवर. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

गंमत बघा, त्याच दिवशी बोट सुटायच्या आधी मस्टर ड्रिल होतं, म्हणजे संकट आलं तर कुणी कुठं जमायचं ते दाखवतात, आणि कितीतरी बोटींवर ही जमायची जागा म्हणजे हाच डायनिंग हॉल असतो. तिथं केबिननुसार सांगतील तसं सगळे मुकाट उभे राहतात. धाकटे दाजी मागच्या रांगेत, अण्णा खांबाआड, कुणी हूं की चूं करत नाही. बोट बुडतानाच्या जागेत मानपान नाही, सूप पितानाच्या जागेत आहे, असा आपला साधा हिशोब.

वरच्या डेकवर बुफे असतो, तिथं कुणीही कुठंही बसतं, कुणाची पाळी नाही, नंबर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोरं हळूच तिकडं पळतील, मग सूनबाई पोरांना बघायला म्हणून जातील आणि तासभर येणार नाहीत. हे असंच चालू दिलं तर शेवटच्या रात्री ठरलेल्या टेबलावर अण्णा, आक्का आणि काकाच उरतील. म्हणून पंच्याहत्तरीचा केक शेवटच्या रात्रीलाच ठेवा, मेन डायनिंगमध्ये, सगळ्यांना सक्तीनं, फेटे बांधून. वेटर मंडळी टाळ्या वाजवत गाणं म्हणतील, फोटो निघेल, आणि फोटोत अण्णांच्या शेजारी कोण यावर मी काही बोलत नाही, तुमचं तुम्ही बघा.

बोट सकाळी मुंबईला लागते आणि देवगिरी एक्सप्रेस सुटते रात्री. म्हणजे बर्थची यादी करायला अख्खा दिवस आहे. खालचे अण्णा, आक्का, काका, मामांना. धाकट्या दाजींना मधला दिला तर पुन्हा पोट दुखेल, त्यांनाही खालचा. आत्यांना खिडकी. साइड अप्पर कुणाला हे विचारू नका, सूनबाई अजून तरुण आहेत.