"चालीन ना भाऊ" म्हणे, तो रायफल दुरुस्त करणारा! नाही चालत!

काल संध्याकाळपासून डोकं भणभणतंय. पोरीची नेमबाजीची एअर रायफल दुरुस्तीहून घरी आणली, पिशवीतून काढली आणि मागच्या साइटच्या, म्हणजे ज्यातून बघून नेम धरतात त्या भागाच्या, स्क्रूभोवती पांढरा वाळलेला थर दिसला. नखाने खरवडून पाहिलं. फेविक्विक. रायफलच्या साइटला फेविक्विक!

साइट हलत होती म्हणून दिली होती. हलत होती म्हणजे डोळ्याला दिसायचंही नाही, अंगठ्याने दाबली की बारीक 'टक्' व्हायचं एवढंच. आठ दिवस छर्रे कधी डावीकडे, कधी उजवीकडे जात होते आणि पोरगी स्वतःलाच दोष देत होती. "पप्पा, माझाच ट्रिगर झटक्याने दाबला जातोय." पहाटे पाचला उठून भिंतीसमोर रायफल धरून उभी राहायची. शेवटी साइटचा खेळ तिनेच पकडला. मीच कसली असती, पण महिन्यापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बारीक काम बंद केलंय. म्हणून जिल्ह्याच्या गावी एका दुकानात दिली, आणि इथेच चुकलो.

त्या माणसाला मी समोर उभं राहून सांगितलं होतं. स्क्रू पूर्ण बाहेर काढ. आटे पेट्रोलने पूस, तेलाचा अंश ठेवू नको. निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायच्या द्रवाचा, एक थेंब टाक. लाल नको, लाल लावलं तर पुढे तापवल्याशिवाय खुलत नाही. मग कस आणि रात्रभर हात लावू नको. थ्रेडलॉकरची बाटलीसुद्धा मीच नेऊन दिली. काल बाटली परत मिळाली ती सीलबंद! झाकणही फिरवलं नव्हतं. स्क्रूची खाच मोठ्या पेचकसाने चावून टाकलेली, वरून फेविक्विक ओतलेलं, आणि साइट किंचित तिरकी बसलेली, तशीच चिकटवलेली.

"हे काय केलं?" विचारलं तर म्हणतो, "छर्र्याची बंदूक हाय भाऊ, तिले काय व्हस! चालीन ना." मी म्हटलं, रविवारी तिची स्पर्धा आहे. तर वर मान करून, "पोरगीच तर चालवणार, एवढं काय त्यात." आणि ३०० रुपये मागितले. मी दिले. का दिले ते आता कळत नाही, हात थरथरत होते.

एवढं काय त्यात? ऐक मग. १० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. एका वर्तुळापासून दुसरं अडीच मिलिमीटरवर. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर ४५ सेंटिमीटर धर आणि मागची साइट एक दशांश मिलिमीटर सरकली असं धर. टार्गेटवर छर्रा दोन मिलिमीटरहून जास्त सरकतो. जवळजवळ एक अख्खा गुण, पोरीची काही चूक नसताना! कागदाच्या जाडीएवढा खेळ आहे हा. आणि तू म्हणतोस चालीन?

मी फौजेत एसएलआर रायफल वापरली आहे. ईशापूरच्या कारखान्यातली, ७.६२ मिलिमीटरची, २० गोळ्यांचं मॅगझिन, सेमी-ऑटोमॅटिक, एका दाबाला एक गोळी. तिचीही मागची साइट खेळायची. दोन बाजूंना दोन स्क्रू, एक सैल करायचा तेव्हा दुसरा कसायचा, दोन्ही नीट बसले नाहीत की साइट डुलायची आणि झिरोइंग, म्हणजे नेमाला जुळवून बसवलेली साइट, वाया जायचं. पण तिथे कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, आर्मरर असायचा, हत्यारं दुरुस्त करणारा. ग्रुप फाटला, म्हणजे गोळ्या विखरून लागल्या, की आधी रायफल तपासायची, मग जवानाला बोलायचं. आमचा आर्मरर स्क्रू कसून झाला की डोक्यावरून खाली बॉडीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायचा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. त्या माणसाने कधी "चालेल" म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आणि स्प्रिंगची एअर रायफल काही खेळणं नाही. आतला पिस्टन पुढे झेपावतो, रायफल आधी मागे, मग पुढे झटका देते. दोन्हीकडून हादरा. म्हणूनच तिचे स्टॉकचे स्क्रू आणि साइट आपोआप सैल होतात, दर काही दिवसांनी कसावेच लागतात. सैल व्हावेत यात दोष नाही. दोष कसणाऱ्याच्या हाताचा आहे.

हे 'चालीन' ऐकून ऐकून मी पिकलोय. गेल्या मे महिन्यात कूलरचा पंखा खडखडत होता, तर मिस्त्री पात्याला सुतळी बांधून गेला. जळगावचा मे, ४४ डिग्री, आणि सुतळी! त्याआधी केळीत ठिबकचा जॉइनर निखळला, तर त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. रात्रीत सुटली, सकाळी एका बाजूला तळं आणि बाकीच्या ओळी कोरड्या. मोटरच्या स्टार्टरमध्ये अजूनही कुणीतरी खोचलेला आगपेटीचा तुकडा आहे. सगळे पैसे घेतात आणि सगळे "काही होत नाही" म्हणतात.

याच जिल्ह्यात वरणगावला फौजेच्या बंदुकांची काडतुसं बनतात. भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये मायक्रोमीटर धरून काम करणारे फिटर आहेत. हात आहेत इथे, अक्कल आहे. फक्त आपल्या पोरांच्या सामानाला ती लावायची नाही! १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, कांस्य जिंकलं, तेव्हा आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या स्टेटसला त्याचा फोटो होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. त्याच्या रायफलची साइट कुणी फेविक्विकने चिकटवली असती तर?

विचारतात, मग नवीन का नाही घेत. परदेशी रायफल लाखांच्या घरात जाते. ही मी पेन्शनमधून हप्ते भरून घेतली, आणि हिच्यावरच ती इथवर आली आहे.

पोरगी काल काही बोलली नाही. साइट पाहिली, रायफल परत पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "राहू द्या पप्पा, मी डावीकडे धरून मारीन." तिथे माझा घसा दाटला. सोळा वर्षांच्या पोरीने दुसऱ्याच्या कामचुकारपणाचा हिशोब नेम धरताना का करायचा?

रात्री साडेबारापर्यंत बसलो होतो. बायकोच्या नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनमध्ये कापूस भिजवून, काडीच्या टोकाने एक एक थेंब स्क्रूच्या कडेला. लाकडाला लागू नये म्हणून खाली फडकं. डॉक्टरांनी बंद केलेलंच काम, भिंग लावून. पांढरा थर निघाला. स्क्रू अर्धा आटा फिरला आणि खाच चावलेली असल्यामुळे पेचकस सटकला. आता भुसावळच्या एका निवृत्त फिटरकाकांना फोन केलाय, ते बारीक कानसीने नवी खाच पाडून देतो म्हणालेत. सकाळच्या गाडीने निघतोय. वाटेत त्या दुकानासमोर उतरणार आहे, ती सीलबंद बाटली त्याच्या काउंटरवर ठेवणार आहे आणि माझे ३०० रुपये परत घेतल्याशिवाय हलणार नाही.